पुष्कररावांची सायकल आणि पुढचं गेट

स्कूटीच्या मागच्या सीटवर बसून ऑफिसला जाणारा माणूस समोर बघत नाही, कारण समोर बायकोची पाठ असते. तो आजूबाजूच्या पाट्या वाचतो. रायपूरच्या बूढापाऱ्यात राहणारे पुष्करराव देशकर यांना घरापासून ऑफिसपर्यंतच्या सगळ्या पाट्या पाठ झाल्या होत्या. सदर बाजारातल्या कोणत्या सराफाच्या नावापुढे 'पुराने वाले' आहे आणि त्याच्या शेजारच्याच्या नावापुढे 'असली पुराने वाले' आहे, कोणत्या दातांच्या डॉक्टरांनी पाटीवर स्वतःचा तोंड मिटलेला फोटो लावला आहे, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हती. पन्नाशी उलटल्यावर माणसाला इतकं वाचन सोसत नाही.

बसण्याची व्यवस्था अशी. पुढे निवेदिताबाई, म्हणजे पुष्कररावांच्या सौभाग्यवती, ऑफिसच्या पलीकडच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. मध्ये तपासलेल्या वह्यांची पिशवी. त्यामागे, जिथे सीट संपत आलेली असते, तिथे पुष्करराव. आणि त्यांच्या मांडीवर त्यांचा डबा.

घरात गाडी बायकोनं चालवावी यात कमीपणा काही नाही, असं पुष्कररावांचं स्पष्ट मत होतं. गावातल्या मराठी मंडळाच्या महिलादिनाच्या कार्यक्रमात त्यांनी ते व्यासपीठावरून मांडलंही होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. पण व्यासपीठावर बसणं वेगळं आणि मागच्या सीटवर बसणं वेगळं. पहिल्याला हात असलेली खुर्ची देतात.

हे कशामुळे झालं, तर लायसन्समुळे. पुष्कररावांच्या लायसन्सची मुदत संपली होती आणि ही गोष्ट पुष्कररावांच्या आधी चौकातल्या हवालदाराच्या लक्षात आली. मुदत संपून वर्ष उलटलं असल्यामुळे परीक्षा नव्यानं द्या, असं ठरलं. परीक्षेत जमिनीवर आखलेला आठाचा आकडा गाडीवरून काढायचा असतो, पाय न टेकता. पुष्कररावांनी आयुष्यभर गाडी चालवली होती ती मुळी पाय टेकायची सोय आहे म्हणूनच. ते दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा त्यांच्या मागे रांगेत त्यांच्याच गल्लीतल्या धोब्याची मुलगी होती. ती पास झाली आणि त्यांना वाकून नमस्कार करून गेली. त्यानंतर पुष्करराव त्या मैदानाकडे फिरकले नाहीत.

तर रोज सकाळी स्कूटी ऑफिसच्या पुढच्या गेटसमोर थांबे. ऑफिस एका सरकारी महामंडळाचं. कोणतं ते सांगून उपयोग नाही, तिथे काय काम चालतं हे तिथल्या लोकांनाही नीटसं माहीत नव्हतं. गेटसमोर चहाची टपरी होती आणि सकाळी त्या वेळी अर्धं ऑफिस तिथे उभं असे. उरलेलं अर्धं यायचं असे. पुष्करराव एक पाय जमिनीवर ठेवून, वह्यांची पिशवी सांभाळत, डबा छातीशी धरून उतरत, आणि निवेदिताबाई शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात म्हणत, "पोळ्या परत आणू नका."

त्यांच्या हाताखालचे साहूबाबू आदरानं पुढे येत आणि म्हणत, "मॅडम टाइम की बहुत पक्की हैं, सर." यात वावगं काही नव्हतं. म्हणूनच ते फार लागे. शिवी दिली तर माणूस चिडू तरी शकतो.

एके दिवशी निवेदिताबाईंनी जाता जाता हात लांब करून त्यांची कॉलर नीट केली. टपरीवरचे सगळे कप एका क्षणी ओठांपाशी थांबले. त्या दिवशी संध्याकाळी पुष्कररावांनी घरात जाहीर केलं की दसऱ्यापासून आपण ऑफिसला सायकलनं जाणार. एकट्यानं. सायकलला लायसन्स लागत नाही, कागद लागत नाही, पेट्रोल लागत नाही. सरकारचं जिच्याकडे अद्याप लक्ष गेलेलं नाही अशी ही एकमेव गाडी आहे, असं ते म्हणाले.

निवेदिताबाई वह्या तपासत होत्या. त्या म्हणाल्या, "जा." मुलगी स्वरदा कॉलेजात होती. तिला मराठी सगळी समजे, पण उत्तर ती हिंदीतच देई. तिनं मान वर करून विचारलं, "बाबा, आपको चलानी आती है?"

सायकल एकदा आली की विसरत नाही, असं पुष्करराव म्हणाले. हे त्यांना अनुभवानं नव्हे, ऐकून माहीत होतं.

शेजारचे शामराव दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाले. ते मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अजून प्रत्येक गोष्टीला झेंडा दाखवल्याशिवाय ती सुटू नये असं त्यांना वाटे. भिंतीपलीकडून बातमी कशी गेली हे विचारण्यात अर्थ नव्हता. भिंत फक्त विटांची होती.

"सायकल म्हणजे काळी," शामराव म्हणाले. "बाकी सगळे खेळणे."

स्वरदानं गिअरच्या सायकलीचे फोटो मोबाईलवर दाखवले. शामरावांनी ते लांब धरून पाहिले.

"गिअर काहून पाहिजे तुले? रायपूर सपाट आहे. चढ एकच, रेल्वेचा पूल. तिथं उतराचं अन् ढकलत न्याची. आम्ही जन्मभर तेच केलं."

पुष्कररावांना काळी सायकल मनातून नको होती. काळी सायकल आता फक्त दूधवाल्यांकडे उरली होती, आणि स्कूटीवरून उतरून दुधाच्या सायकलवर चढणं ही प्रगती म्हणता आली नसती. पण शामरावांना नाही कसं म्हणायचं. त्यांनी 'बघू' असं म्हटलं. मराठी मध्यमवर्गीय माणसाची निम्मी संकटं या 'बघू'तून निघतात.

सदर बाजाराच्या पुढच्या दुकानात ते स्वरदाला घेऊन गेले. दुकानदारानं प्रेमानं विचारलं, बच्चा कौन-सी क्लास में है. सायकल माझ्यासाठी आहे, असं पुष्करराव म्हणाल्यावर त्यानं आवाज उतरवून विचारलं, "डॉक्टर ने बोला है क्या, अंकल?" पुष्करराव हो म्हणाले. तेवढ्यानं प्रश्न थांबणार असतील तर आजारी पडायची त्यांची तयारी होती.

स्वरदानं राखाडी रंगाची, एकवीस गिअरांची, अंगानं हडकुळी अशी एक सायकल पसंत केली. तिची सीट अडकित्त्याएवढी होती. तिला घंटी नव्हती, चिखल अडवायचे पत्रे नव्हते, कॅरिअर नव्हतं, दिवा नव्हता. हे सगळं वेगळं घ्यायचं असतं म्हणे. पुष्कररावांनी स्टँड शोधायला खाली वाकून पाहिलं.

"प्रोफेशनल साइकिल है, अंकल," दुकानदार म्हणाला. "इसमें स्टैंड नहीं आता."

"मग उभी कशी करायची?"

"कहीं टिका दीजिए."

प्रोफेशनल म्हणजे जिला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही ती, ही व्याख्या पुष्कररावांना नवीन होती, पण ऑफिसातल्या काही माणसांकडे पाहता पटण्यासारखी होती. त्यांनी सायकल घेतली.

आता इथे एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. बूढापाऱ्यातल्या त्या गल्लीतली मराठी घरं जुनी. कोणी भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेली, कोणी नंतर रेल्वेबरोबर. या घरांत असं आहे की कोणाच्या दारी नवं वाहन आलं तर ते बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही. पूर्वी नारळ नेत. आणि या रितीला एक शेपूट आहे. दिलेली वस्तू वापरात दिसली पाहिजे. साडी दिली तर ती हळदीकुंकवाला नेसलेली दिसावी लागते, घड्याळ दिलं तर ते भिंतीवर चालताना दिसावं लागतं. नाही दिसलं तर कोणी काही बोलत नाही. फक्त पुढल्या लग्नात पंगतीला वाढताना जिलबी तुमच्या पानापर्यंत येऊन संपते.

दसऱ्याला सायकलची पूजा झाली. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. शांतामावशींनी, म्हणजे मागच्या गल्लीत राहणाऱ्या पुष्कररावांच्या ऐंशीच्या मावशींनी, कुंकवाचं बोट सायकलला लावायला कपाळ शोधलं, सापडलं नाही म्हणून सीटला लावलं. महामायेच्या देवळापर्यंत पहिली चक्कर झाली. पुष्करराव धडपडले नाहीत. हार चेनमध्ये गेला तेवढंच.

आणि मग शामराव आले ते नारळाऐवजी कॅरिअर घेऊन. त्यांच्या स्वतःच्या काळ्या सायकलचं कॅरिअर. ती सायकल भंगारात गेली, पण हे त्यांनी माळ्यावर जपून ठेवलं होतं. "यावर मी तांदळाचं पोतं आणलं आहे, अन् एकदा स्टेशनमास्तरले," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुष्कररावांनी कॅरिअर दोन्ही हातांनी घेतलं.

हीच चूक झाली. शामरावांनी नारळ न आणता सायकलचा भाग आणला आणि तो स्वीकारला गेला, हे गल्लीत कळलं. त्यानंतर नारळ आणणं म्हणजे अंग चोरणं झालं. समोरच्या घरातून पुढे लावायची तारेची टोपली आली. कोपऱ्यावरच्या काकूंनी दोन आरसे आणले, एक स्वतःकडून आणि एक अमेरिकेतल्या मुलाकडून. कोणी रबरी भोंगा दिला, कोणी छत्री उभी करायची नळी दिली, आणि नळीसाठी छत्री दुसऱ्या कोणीतरी दिली. शांतामावशींनी अडकित्त्याएवढी ती सीट पाहून जीव कळवळला म्हणून जुन्या नऊवारीची सात पदरी गादी शिवली आणि तिला चारी बाजूंनी झालर लावली.

सगळ्यांवर कळस निवेदिताबाईंच्या भावानं चढवला. विशाल सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. सायकलला स्टँड नाही हे ऐकून तो रविवारी गाडीच्या डिकीतून एक वस्तू घेऊन आला. ती उतरवायला दोन माणसं लागली. जाड लोखंडी अँगलचा चौकटीसारखा स्टँड होता तो, मागे वीतभर बाहेर आलेला.

"जीजाजी, प्लांट में बनवाया है," विशाल म्हणाला. "ट्रक भी खड़ा हो जाएगा."

ट्रक उभा करायचा नाही, असं पुष्कररावांच्या ओठांवर आलं होतं. पण शेजाऱ्याची भेट एकवेळ टाळता येते, मेहुण्याची नाही. निवेदिताबाई दारात उभ्या होत्या. "छान आहे," पुष्करराव म्हणाले.

हे सगळं बसवायला सायकल तलावाकाठी सायकली दुरुस्त करणाऱ्या मारोतीकडे गेली. मारोतीचा वेल्डिंगवर विश्वास होता, जसा कोणाचा होमिओपॅथीवर असतो. काळ्या सायकलचं कॅरिअर या हडकुळ्या सायकलवर बसेल का, असं विचारलं तर तो छत्तीसगढीत म्हणाला, "हव, हो जाही," म्हणजे हो, होऊन जाईल. स्टँड बसेल का? हव. छत्री? हव. तो नाही म्हणतच नव्हता, त्यामुळे पुष्कररावांना त्याच्यात आपलंच माणूस दिसलं. सायकल दसऱ्यानंतर गेली ती दिवाळीच्या तोंडावर परत आली. प्रत्येक वस्तू झाळून पक्की केली होती. आता काढायची म्हटली तरी निघाली नसती. स्टँडला जागा करताना गिअरच्या तारा मधे येत होत्या, त्या मारोतीनं कापल्या होत्या. सायकल एका गिअरवर कायमची बसली होती, नेमकी सगळ्यात जड.

"गियर अब एके ठन हे," मारोती म्हणाला, "फेर मजबूत हे." एकच, पण भक्कम, असं त्याचं म्हणणं.

दिवाळीत गल्ली येऊन सायकल पाहून गेली. जो तो आपापला भाग हातानं हलवून बघे, समाधानानं मान डोलवी आणि चकली खाई. शामराव तर कॅरिअरवर बसूनच गेले. सायकल आता सायकलसारखी दिसत नव्हती. ती कशासारखी दिसते यावर स्वरदाचं मत तिनं सांगितलं नाही, फक्त आपल्या मैत्रिणींना त्या आठवड्यात घरी बोलावलं नाही.

दिवाळीची सुटी संपली आणि पुष्करराव निघाले. त्यांनी निवेदिताबाईंना निक्षून सांगितलं की आता माझी वाट बघायची नाही, तू तुझ्या वेळेला निघ. त्या म्हणाल्या, "डबा टोपलीत ठेवला आहे."

पहिल्या दिवशी सायकलनं त्यांना ऑफिसला पोहोचवलं की त्यांनी सायकलला पोहोचवलं, हा वादाचा विषय आहे. पण दोघं पोहोचले. शर्ट पाठीला चिकटला होता, मांड्या थरथरत होत्या, पण कोणाच्या मागं बसून नाही. टपरी अजून भरायची होती. पुष्करराव घाम पुसून पुढच्या गेटपाशी गेले, तर गार्डनं हात आडवा केला.

"साहब, साइकिल पीछे से."

गार्डचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या गेटनं पासवाली वाहनं जातात. सायकल मागच्या गेटनं, जिथून कँटीनचा भाजीपाला येतो. मग पास द्या, असं पुष्करराव म्हणाले. पास आतल्या खिडकीवर मिळतो. पुष्करराव खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटर उघडून गाडीचा नंबर विचारला. सायकलला नंबर नसतो, असं पुष्करराव म्हणाले. बाईंनी नंबराची जागा रिकामी ठेवून पुढे जायचा प्रयत्न केला, कॉम्प्युटर पुढे जाईना. त्यांनी स्क्रीन वळवून दाखवला, म्हणजे आपली काही चूक नाही हे साहेबांना दिसावं. पुष्कररावांनी सायकलच्या सांगाड्यावर कोरलेला आकडा उतरवून आणला, पण तो छत्तीसगडच्या गाड्यांसारखा सीजी या अक्षरांनी सुरू होत नव्हता, त्यामुळे कॉम्प्युटरला ती परदेशातली गाडी वाटली. सरकारचं जिच्याकडे लक्ष गेलेलं नाही अशी गाडी घेतल्याचा हा परिणाम होता. सरकार तिच्याकडे लक्ष द्यायला तयारच नव्हतं.

मागच्या गेटला शिपायांचा सायकल स्टँड होता. तिथे साहेब रोज सायकल लावू लागल्यावर शिपायांची पंचाईत झाली. तिथे बसून ते विडी ओढत आणि साहेबांविषयी बोलत. आता साहेबच तिथे उभे राहून छत्री मिटत होते. शेवटी शिपायांनी आपल्यातल्या एका वडीलधाऱ्याला पुढे घालून विनंती केली की साहेबांना त्रास होतो, तो आम्हाला बघवत नाही. पुष्कररावांना त्यातला अर्थ कळला. ते सायकल भाजीच्या करंड्यांशेजारी लावू लागले.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण एका दुपारी साहूबाबू फाईल घेऊन आले, फाईल ठेवली आणि तिथेच उभे राहिले.

"सर, एक बात पूछूँ? बुरा मत मानिए. मॅडम आजकल पीछे वाले गेट पे छोड़ती हैं क्या?"

पुष्कररावांनी चष्मा काढला. साहूबाबू घाईघाईनं म्हणाले की कोणी काही वाईट बोलत नाही, फक्त सगळ्यांना वाटलं की पुढे उतरायला संकोच वाटत असेल, म्हणून मॅडम बिचाऱ्या वळसा घालून मागून सोडत असतील.

त्या दिवशी पुष्कररावांनी पोळ्या परत आणल्या.

माणूस मांड्या तोडून स्वतःच्या बळावर ऑफिसला येतो आणि जगाला वाटतं की बायको आता त्याला लपवून सोडते. पूर्वी निदान उघड्यावर सोडत होती. रात्रभर त्यांनी विचार केला असं नाही, कारण मांड्या दुखत असल्यामुळे त्यांना गाढ झोप लागली. पण सकाळी ते ठरवूनच उठले. काय वाटेल ते होवो, आज पुढच्या गेटनं, टपरी भरलेली असताना, सगळ्यांसमोर सायकल आत न्यायची. गार्डनं अडवलं तर तिथेच बसायचं. गादी होतीच.

टपरी भरलेली असायला हवी म्हणून ते रोजच्यापेक्षा उशिरा निघाले, आणि ऊन लागलं म्हणून त्यांनी छत्री उघडली. तलावाच्या वळणावर वारा आला. छत्रीनं सायकलला एका बाजूला ओढलं, पुष्कररावांनी दुसऱ्या, आणि या भांडणात पायांनी माघार घेतली. ते उतरले. परत चढायला गेले तर पाय वर येईना. त्यांनी विशालचा स्टँड लावला आणि तलावाकडे तोंड करून उभे राहिले, जणू मुद्दाम तलाव बघायला आले आहेत.

एक बाई थांबल्या. त्यांनी छत्री पाहिली, टोपली पाहिली, भोंगा पाहिला आणि विचारलं, "भैया, धनिया है?"

"नहीं है," पुष्करराव म्हणाले. आपण कोथिंबीरवाले नाही, हे सांगण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

बाई गेल्या तोच मागे ओळखीचं इंजिन थांबलं. निवेदिताबाई शाळेला निघाल्या होत्या. त्यांनी स्कूटी बंद केली नाही.

"काय पाहून राहिले?"

"तलाव."

"झाला पाहून?"

 त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या की पहिला तास आठवीचा आहे, बसायचं असेल तर मागं बसा, सायकल राहू द्या इथेच, हिला कोण नेतं.

"आज पुढच्या गेटनं जायचं होतं, निवेदिता," पुष्करराव म्हणाले. "एकट्यानं. त्या लोकांना वाटतं, तू मला लपवून मागच्या दारानं सोडतेस."

निवेदिताबाईंनी हेल्मेटची काच वर केली.

"मी? मी काहून लपवीन? चोरीचा माल आहे का तुम्ही?"

"मी नाही म्हणत. ते म्हणतात."

निवेदिताबाईंनी आयुष्यात एकही उत्तर मागच्या पानावर लपवलं नव्हतं. त्या जरा वेळ सायकलकडे बघत राहिल्या, पुढून मागे, म्हणजे उदाहरण नीट वाचावं तशा. मग मागे वीतभर बाहेर आलेल्या त्या लोखंडी अँगलवर त्यांची नजर थांबली.

"बसा," त्या म्हणाल्या. "छत्री मिटा. हँडल सरळ धरा. पायडल मारू नका, माझ्या पायाले लागेल."

रायपूरच्या रस्त्यावर बंद पडलेल्या मोटारसायकलला मागच्या गाडीवरचा माणूस पाय लावून ढकलत नेतो, हे दृश्य कोणाला नवं नाही. पण ढकलणारी साडीवर हेल्मेट घातलेली गणिताची बाई आणि पुढे झालरीच्या गादीवर ताठ बसलेला, पाय हवेत धरलेला सरकारी अधिकारी, हे सदर बाजारानंही पाहिलं नव्हतं. रिक्षा बाजूला झाल्या. पुराने वाले आणि असली पुराने वाले दोघेही गादीवरून उठून उभे राहिले. सायकल सुरू व्हायला जड होती, पण एकदा वेग घेतल्यावर ते सगळं लोखंड आपल्या मनानं धावायला लागलं. पुष्कररावांनी भोंगा वाजवला. वाजवायला हवाच होता, कारण हडकुळ्या सायकलचे ब्रेक एवढ्या संसारासाठी केलेले नव्हते.

ऑफिसच्या आधी एक वळण आहे. शाळेचा रस्ता सरळ जातो, ऑफिसचा डावीकडे उतारावर. वळणापाशी निवेदिताबाई मागून म्हणाल्या, "सोडते." आणि शेवटचा एक धक्का देऊन त्या सरळ गेल्या.

टपरीवर अर्धं ऑफिस उभं होतं. त्यांनी पाहिलं ते असं: उतारावरून पुष्करराव देशकर येत आहेत. मागे कोणी नाही. पुढे कोणी नाही. दोन्ही पाय स्थिर, पायडल मारण्याचं नाव नाही, आणि सायकल मात्र आवाज न करता अशा वेगानं येते आहे की आरसे चमकत आहेत. गार्डनं हात आडवा करण्यासाठी उचलला होता. पण न हाकता धावणारी सायकल पाहून तो हात तसाच वर कपाळाला गेला. दुसऱ्या हातानं त्यानं गेटची आडवी दांडी उचलली. पुष्करराव थांबले नाहीत. थांबता येत नव्हतं. ते सरळ पुढच्या शेडमध्ये गेले आणि भिंतीनं त्यांना थांबवलं. धक्का टोपलीनं घेतला. डबा थोडा चेपला.

ती शेड बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची होती. अशा गाड्यांना प्रोत्साहन द्या असा आदेश वरून आला होता, म्हणून शेड आणि एक प्लग तयार होता. गाडी कोणाकडेच नव्हती. गार्ड धावत आला.

"साहब, बैटरी वाली ले ली? पहले बताना था ना. इसका पास तो बिना नंबर के बनता है."

मागोमाग टपरी आली. साहूबाबू सायकलभोवती फिरले, गादीची झालर उचलून पाहिली, स्टँडच्या लोखंडी चौकटीपाशी बसले आणि बॅटरी ती हीच, असं त्यांनी बाकीच्यांना समजावलं. मग उठून त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"मॅडम नहीं आईं आज?"

"नाही," पुष्करराव म्हणाले. "मी आलो."

हे वाक्य बोलायला त्यांना इतके महिने लागले होते की त्यानंतर बॅटरीबद्दल वेगळा खुलासा करायचं त्यांच्या जिवावर आलं. सायकल बॅटरीची आहे असं ते म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. सरकारी नोकरीत खोटं बोलणं आणि उत्तर न देणं यांतला फरक त्यांना चांगला कळत होता. दुपारपर्यंत खिडकीतल्या बाईंनी पास छापून त्याला प्लास्टिक चढवून जागेवर पाठवला. महामंडळातली ती पहिली बॅटरी सायकल ठरली आणि वरच्या आदेशाचं पालन झाल्याचं वर कळवण्यात आलं.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आली. आता पायडल मारत जाता येत नव्हतं.

निवेदिताबाईंनी जास्त घासाघीस केली नाही. सकाळचा चहा आणि स्वरदाचा डबा आजपासून तुमच्याकडे, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पायाला लागतं म्हणून कॅनव्हासचे बूट आणले. तेव्हापासून रोज पुष्करराव अंधारात उठतात, आलं ठेचतात, पोळ्या लाटतात. मग तलावापर्यंत सायकल स्वतः हाकतात, वळणावर पाय वर घेतात आणि बाकीचा प्रवास ताठ बसून करतात. संध्याकाळी सगळे पांगल्यावर सायकल हातानं ढकलत घरी आणतात. शामराव रोज ओट्यावरून विचारतात, "कॅरिअर कसं आहे?" आणि ते म्हणतात, "छान आहे."

सदर बाजारातून बातमी शांतामावशींपर्यंत पोहोचायची ती पोहोचली. निवेदिता पुष्करला रोज सकाळी लाथ मारून ऑफिसात पाठवते, असं त्यांना सराफाच्या दुकानात कळलं. मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळी हे उघड्यावर नव्हतं होत." एवढं बोलून गादी टिकली आहे ना, याची त्यांनी चौकशी केली.

डिसेंबर निम्मा सरला. साहूबाबूंनी अशीच सायकल घ्यायचं मनावर घेतलं आहे आणि कंपनीचं नाव सांगा म्हणून ते मागे लागले आहेत. निवेदिताबाईंच्या शाळेचं सहामाहीचं पत्रक लागलं. पंचवीस तारखेपासून शाळेला नाताळची सुटी जाहीर झाली. ऑफिसला मात्र त्यात एकच दिवस सुटी होती.

परवा सकाळी पुष्करराव उतारावरून आत आले, भिंतीला लागून थांबले आणि चेपलेला डबा काढत होते. गार्ड सलाम करून जवळ आला. गावी पोरासाठी घ्यायची आहे, असं म्हणून त्यानं विचारलं, "साहब, इसकी बैटरी चलती कितने दिन है?"

पुष्कररावांनी चष्मा पुसला, मनाशी हिशेब केला आणि थकल्या आवाजात म्हणाले, "चोवीस तारखेपर्यंत."